निफाडच्या थंडीत झोपलेला कंद

बाई, फूल आलं.

आलं ते फेब्रुवारीतच. आठवड्याहून थोडे अधिक दिवस टवटवीत राहिलं आणि मग ओल्या कागदासारखं पातळ होऊन मिटलं. तरीही तुम्हाला लिहायला मी बसले आहे ती आज, दिवाळी उलटून गेल्यावर, रोपाची पानं पिवळी होऊन गळाल्यावर. त्याचं कारण तुम्हीच आहात. फूल दिसलं म्हणजे जिंकलो, हे तुम्ही कधीच मान्य केलं नसतं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, “मरणारं झाडही जाता जाता फूल देतं. त्यात लावणाऱ्याचं कसलं कौतुक? फुलानंतर काय उरलं ते दाखव.” म्हणून मी उन्हाळा जाऊ दिला, पावसाळा जाऊ दिला. आज सकाळी कुंडीतलं शेवाळ बोटाने बाजूला करून पाहिलं, आणि आता पुरती शहानिशा करून सांगते : हिमालयातल्या धुकट रानात, ओल्या खोडांवर वाढणारी तुमची ती ऑर्किडची जात, प्लिओनी, नाशिकमध्ये फुलली, आणि फुलून जगली.

तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात तो दिवस ह्याच रोपापासून सुरू होतो. कॉलेजची वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आहे. काळ्या दगडी टेबलांवर ओळीने नमुने मांडलेले आहेत आणि आम्ही एकेका नमुन्यापुढे थांबून त्याची ओळख लिहीत पुढे सरकतो आहोत. एका काचेच्या बशीत हिरवट, किंचित सुरकुतलेला, बोराएवढा एक गोळा आहे. पान नाही, मूळ म्हणावं तर वाळलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी. मी ठामपणे लिहिते, ‘मृत नमुना.’ परीक्षा संपल्यावर तुम्ही मला थांबवून घेता. “अगं, झोपलेल्या माणसाला हलवून तरी बघावं. तू एकदम तिरडीच बांधायला घेतलीस?” मागे उभ्या मैत्रिणी हसतात. तुम्ही तो गोळा माझ्या तळहातावर ठेवता आणि म्हणता, “दाब.” मी दाबते. तो कच्च्या बोरासारखा टणक आहे, आणि त्याच्या आकाराच्या मानाने चांगलाच जड. “पाणी आहे आत. मेलेलं कधी इतकं जड लागतं का?” पुढचा अर्धा तास तुम्ही मला एकटीला शिकवलंत. हा खरा कंद नव्हे, फुगलेलं खोड. त्यात रोप आपलं पाणी आणि अन्न साठवतं. थंडी आली की पान टाकून देतं आणि नुसतं खोड झोपी जातं. वसंतात त्याच्या बुंध्यातून आधी फूल निघतं, मग पान. त्या पानाच्या तळाशी नवा कंद भरतो आणि जुना आपलं सारं त्याला देऊन आक्रसून संपतो. म्हणजे दरवर्षी जो कंद आपण हातात धरतो तो मागच्या वर्षीचा नसतोच; त्याचा वारस असतो. मी त्या दिवशी घरी चालत गेले. डोक्यात एवढं काही भरलेलं असताना रिक्षात बसवेना.

नंतर तुमच्या पंचवटीतल्या घरी माझं येणं-जाणं वाढलं. स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत तुमच्या कुंड्या असत. कुंड्या कसल्या, पसरट ताटल्याच. खाली कोळशाचे तुकडे, मग झाडाच्या सालीचा भुगा, वर शेवाळ. शेवाळ तुम्ही दुधाच्या पातेल्यात उकळून घेत असा, म्हणून ‘ह्या पातेल्यातला चहा नको’ हे तुमच्याकडे नेहमी येणाऱ्याला ठाऊक असे. शेजारच्या काकू खिडकीत डोकावून म्हणाल्या होत्या, “बाई, हे तुम्ही बांडगूळ पाळलंय म्हणे?” तेव्हा पोळी लाटता लाटता तुम्ही त्यांना अपिवनस्पती म्हणजे काय ते जे सांगितलंत, ते मी आजही वर्गात जसंच्या तसं वापरते. “बांडगूळ आंब्याच्या घरात घुसतं आणि त्याच्या ताटातलं खातं. हे ऑर्किड नुसतं गॅलरीत बसतं. पावसाचं पाणी पितं, पालापाचोळा कुजून जे मिळेल ते खातं. घरमालकाचा एक घास उचलत नाही.” काकू म्हणाल्या, “आमच्या भाडेकरूला पाठवते तुमच्याकडे शिकवणीला.”

आणि तुमची ती चूक. ती तुम्ही स्वतःच इतक्या वेळा, इतक्या आनंदाने सांगितलीत की ती मला तोंडपाठ आहे. हिमालयाच्या डोंगरातल्या एका नर्सरीतून तुम्ही ही रोपं मागवलीत. पहिल्या दिवाळीनंतर पानं गळाली, कंद उघडे पडले, आणि लासलगावच्या कांदेवाल्यांच्या घरात जन्मलेल्या तुम्ही जे रक्तातच होतं तेच केलंत : माहेरी नेऊन कांद्याच्या चाळीत पसरून ठेवलेत. सुकं राहावं, खालून-वरून वारा खेळावा, एकमेकाला घाम येऊ नये. कांद्याला ह्याहून चांगलं काही नाही. पण कांद्याला नुसता कोरडेपणा पुरतो. हिला कोरडेपणाबरोबर खरीखुरी थंडी लागते. थंडी हे हिचं घड्याळ आहे. ते लागलंच नाही तर हिवाळा झाला की नाही हेच हिला कळत नाही. ती अर्ध्या झोपेत जागी होते, घाईने पान काढते, आणि आतल्या आत तयार झालेली कळी उपाशी राहून सुकते. तुमच्या खिडकीत दरवर्षी पानं आली. फूल कधीच आलं नाही. “कांद्याचा न्याय ऑर्किडला लावला,” तुम्ही हसून म्हणत असा, “कंद म्हटला की आम्हाला दुसरं काही सुचतच नाही.”

तुमचं दुखणं वाढलं तेव्हा मी नुकतीच आपल्याच कॉलेजात शिकवायला लागले होते. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला आहात आणि मांडीवर स्टीलचा छोटा डबा आहे. त्यात कापसावर मूठभर कंद. तुम्ही डबा मला देता, पण झाकणावरचा हात काढत नाही. “ऐक. मूठभर देते आहे. प्रयोग कर, चुका कर, त्याला माझी ना नाही. पण एकच कंद उरला की हट्ट सोड. डोंगरात त्या नर्सरीवाल्यांकडे पाठवून दे. आपल्या हौसेपायी एखाद्याचा वंश बुडवायचा नसतो.” मी “हो बाई” म्हटलं. मग तुम्ही हात काढलात. तो डबा मी घरी आणला, आणि पुढचा पावसाळा तुम्ही पाहिला नाहीत.

त्यानंतर ज्या चुका झाल्या त्या आमच्या चुका होत्या, म्हणजे द्राक्षवाल्यांच्या. माझा धाकटा भाऊ निफाडजवळची आमची बाग पाहतो आणि पिंपळगाव बसवंतला त्याचं द्राक्षं भरण्याचं पॅकहाउस आहे, त्याला लागून शीतगृह. त्याला मी सांगितलं, थंडी हवी. तो म्हणाला, “एवढंच ना, ताई? माझ्याकडं थंडीच थंडी हाय. तुझा कांदा एका कोपऱ्यात ठेवू, लय जागा रिकामी हाय सध्या.” जागा डिसेंबरपर्यंत रिकामी होती, आणि कंद खरोखर छान झोपले होते. जानेवारीत माल सुरू झाला. निर्यातीच्या प्रत्येक पेटीत द्राक्षांवर गंधकाचा कागद ठेवतात, त्यातून निघणाऱ्या वायूने बुरशी लागत नाही. द्राक्षाला तो वायू राखतो. माझ्या कळ्यांची टोकं त्याने भाजून काढली, आणि निम्मे कंद नरम पडले. भाऊ बिचारा म्हणाला, “मी उलट दोन कागद जास्त ठेवले होते गं, तुझं म्हणून.” तुमचं वाक्य मी त्याला ऐकवलं : कांद्याचा न्याय झाला, आता द्राक्षाचा झाला. मग घरचा फ्रीज. तिथे सासूबाईंचे चिकू आणि केळी. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की शेजारचे पिकू लागतात, कारण पिकणारं फळ एक वायू सोडतं. आणि ज्या वायूने फळ पिकतं त्यानेच कळी गळते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. माझ्याच फ्रीजमध्ये ते घडत असताना मला दिसलं नाही. अशी वर्षं गेली. मूठ रिकामी होत गेली.

उन्हाळ्यात कंद का खंगतात, हे दुसरं कोडं मात्र मधल्या काळात सुटलं होतं, आणि ते ज्या पद्धतीने सुटलं त्याचा तुम्हाला आनंद वाटला असता. आपण दोघी समजत होतो की हिला आपली दुपार मारते. तसं नाही, आपली रात्र मारते. दिवसभर पान उजेडात अन्न कमावतं आणि रात्री श्वासापुरतं खर्च करतं. रात्र गार असेल तर खर्च थोडा. मे महिन्यात आपल्याकडे रात्रही उकळत असते, मग रोप दिवसभराची कमाई रात्रभर उधळतं आणि कंद दरवर्षी बारीक होत जातो. हे लक्षात आल्यावर मी एका बंद पडलेल्या दुकानातला काचेच्या दाराचा जुना फ्रीज आणला, थंड पेयांचा असतो तो. आत दिवा, छोटा पंखा, आणि रात्र दिवसापेक्षा पुष्कळ गार. पाणी गच्चीवर साठवलेलं पावसाचं, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार हिच्या मुळांना चालत नाहीत. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तो फ्रीज दाखवत. “माणसांना प्यायला गार बाटली नाही, आणि ही बया आत पंख्याखाली बसलीय.” पण त्या बयेचा कंद भरला, बाई. तुमच्या काळात जेवढा असे तेवढा, चांगला बोराएवढा झाला. फक्त तोवर तो एकच उरला होता.

म्हणजे मागच्या वर्षी ह्याच दिवसांत तुमची अट पुरी झाली होती. पान गळालं. कंद सुंदर होता, कित्येक वर्षांनी फुलण्याजोगा भरलेला, आणि एकटा. पाठवून द्यायचा, की आणखी एक हिवाळा पणाला लावायचा? चुकलं असतं तर तुमच्या मुठीतलं काहीच उरलं नसतं. मी तो तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. पलीकडे सासूबाई माठावरचं ओलं फडकं बदलत होत्या, आणि मला एकदम तुमचा तास आठवला. बाष्पीभवनाचा. तुम्ही तापमापीला ओला रुमाल गुंडाळून वर्गभर फिरत होतात, पारा उतरत होता, आणि तुम्ही विचारत होतात, “उष्णता कोण घेऊन जातंय? सांगा, कोण?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “चोर.” तुम्ही म्हणालात, “बरोबर. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता चोरून नेतं. हवा जितकी कोरडी तितकी चोरी सोपी.” आणि आपल्याकडची हिवाळ्यातली हवा तर कोरडीच असते.

रात्रीची थंडी निफाडला फुकट मिळते, तीही अशी की सबंध महाराष्ट्र सकाळी बातम्यांत तिचा आकडा ऐकतो. अडचण दुपारची होती. मी कुंभाराकडून एक मोठा माठ आणि त्यात बसेल असं लहान मडकं आणलं. मधल्या जागेत वाळू, ती रोज पाण्याने भिजवायची. लहान मडक्याला आतून रंगाचे हात दिले, म्हणजे गारवा आत यावा पण ओल येऊ नये. झोपेत ओल लागली तर कंद कुजतो. तळाशी कोरडं शेवाळ, त्यावर कंद. बागेतल्या शेडच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडावर ते ठेवलं. सूर्य मावळला की झाकण काढायचं, उगवला की घालायचं. भाऊ सारं ऐकून म्हणाला, “ह्यात दही लय चांगलं लागल.” पण त्याने ते काम एकदाही चुकवलं नाही. मी रविवारी जाऊन पाहत असे. लोक दुपारी स्वेटर कमरेला बांधून हिंडायचे आणि मडक्यात हात घातला तर आत पहाट असायची.

मग थंडीची लाट आली. ज्या थंडीने द्राक्षाचा मणी तडकतो, साखर भरायची थांबते, ती. त्या पहाटे भावाचा फोन आला तेव्हा मी उठून बसलेलीच होते.

“ताई, गवतावर पांढरं पडलंय. शेकोट्या पेटवल्यात, ठिबक चालू केलंय. सारा गाव थंडी जावी म्हणून हात जोडून बसलाय, आन् तू एकटी ती यावी म्हणून. देवानं ऐकायचं कुणाचं?”

“तुझे मणी तडकले का रे?”

“अजून तरी नाय.”

“आणि माझा कंद?” मला खरी भीती गोठण्याची होती. ओली वाळू जशी लवकर तापत नाही तशी लवकर गोठतही नाही, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि पहाटे फोनवर ऐकणं ह्यांत फरक असतो.

“थांब, बघतो.” चपलांचा आवाज, मग झाकणाचा. “मजेत हाय. घोरतोय.”

त्याची बाग वाचली. आणि जानेवारीच्या अखेरीस कंदाच्या बुंध्याशी एक हिरवं टोक दिसलं, पानाच्या टोकापेक्षा बोथट. मी त्याला ओळखलं, कारण आयुष्यभर मी त्याचं चित्रच पाहत आले होते. माठ गाडीत मांडीवर घेऊन नाशिकला आले, कंद कुंडीत लावला, फुंकर मारल्यासारखं थोडंसं पाणी द्यायला लागले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते उघडलं. पांढरं, पण दुधासारखं नव्हे. पांढऱ्यात जांभळ्याची अगदी आठवण असावी तेवढी छटा. खालची पाकळी पिपाणीसारखी वळलेली, कडेला झालर, आत तांबूस ठिपक्यांच्या रेघा. आणि सबंध फूल ज्या कंदातून आलं त्याच्याहून दुप्पट मोठं. सासूबाई चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, “एवढ्यासाठी?” आणि संध्याकाळी भजनी मंडळातल्या साऱ्या जणींना घेऊन आल्या, त्यांना फ्रीज दाखवला, माठ दाखवला, निफाडची थंडी समजावून सांगितली; एकही गोष्ट चुकली नाही. दुसऱ्या दिवशी मी कुंडी कॉलेजात नेली आणि त्याच काळ्या टेबलावर, जिथे माझा तो ‘मृत नमुना’ होता तिथे ठेवली. मुलांची दारापर्यंत रांग लागली. एकीने विचारलं, “मॅडम, हे बांडगूळ का?” मी पोळी लाटत नव्हते, एवढाच फरक. बाकी सारं तुमच्याच शब्दांत झालं.

आता आज सकाळचं. शेवाळ बाजूला केलं तर जुना कंद आक्रसून गेला आहे, ठरल्याप्रमाणे. त्याच्या दोन्ही अंगांना दोन नवे, टणक, बोराएवढे कंद आहेत. आणि त्या आक्रसलेल्याच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्यांएवढ्या बारीक कंदिकांचा झुबका; प्रत्येकीतून एक रोप होऊ शकतं. मी त्या मोजल्या नाहीत. मूठभर आहेत एवढं सांगते.

मी डोंगरातल्या त्या नर्सरीला फोन केला. आता तिथे कुणी नवीन बाई असतात. त्या म्हणाल्या, “नासिक? वहाँ तो अंगूर होता है न?” मी म्हटलं, “होता है. अब यह भी होता है.” त्यांनी पाठवा म्हटलं. थोड्या कंदिका शेवाळात गुंडाळून आज रवाना करते आहे. हार म्हणून नव्हे, आहेर म्हणून.

त्यांच्यासाठी खोका शोधावा लागला नाही. तो कपाटावर तयारच होता. मागच्या वर्षी कुंभाराकडे जायच्या आदल्या दिवशी मी तो त्या एकट्या कंदासाठी आणला होता, नर्सरीचा पत्ता सुवाच्य अक्षरात वर लिहिला होता, आतून कापूसही लावला होता. ह्या पत्राला मात्र खोका नाही, ते माझ्याकडेच राहील. तुम्ही त्या दिवसांत विचारलं असतंत, कंद जगेल ह्याची खात्री आहे का गं, तर मी माठ, वाळू, कोरडी हवा असं सारं समजावून तुम्हाला ‘आहे’ म्हणाले असते. नव्हती, बाई.